दुर्मीळ कोणासाठी? कोरिना नावाच्या लाकडाची गोष्ट

"विषय मिळालाय, पण प्रश्न सापडत नाहीये." पेट पास होऊन सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या मुलामुलींकडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्यावर एक अख्खा लेखच लिहावा म्हटलं. नुसत्या सूचना देऊन उपयोग नसतो, म्हणून एकच उदाहरण घेऊ आणि ते शेवटपर्यंत सोलून बघू. उदाहरण माझ्या कामाच्या शेजारचं आहे. मी वाद्यांसाठी लागणाऱ्या लाकडाच्या व्यापाराचा इतिहास अभ्यासते, आणि आजचं वाद्य आहे इलेक्ट्रिक गिटार. तुम्हाला गिटार वाजवता येत नसेल तरी काही बिघडत नाही.

समजा, तुमचा विषय असा आहे: कमी वापरल्या जाणाऱ्या लाकडापासून बनवलेली इलेक्ट्रिक गिटार. आज एखाद्या गिटार बनवणाऱ्या कारागिराकडे जाऊन तुम्ही खास स्वतःसाठी वाद्य बनवायला सांगितलंत, तर तो आधी महोगनी, मेपल, अॅश, आल्डर ही नेहमीची नावं घेईल. मग तुमचा चेहरा आणि बजेट बघून जरा आवाज खाली आणेल आणि विचारेल, "कोरिनात करायची का?"

आवाज खाली का येतो? बस, हाच आपला प्रश्न. ऐकायला पोरकट वाटतो, पण यातून एक कारखाना, एक वसाहत, एक फसलेला धंदा आणि आंतरराष्ट्रीय करार असं बरंच काही बाहेर निघतं.

पहिलं काम नावाचं. कोणत्याही वस्तूवर संशोधन करायचं असेल तर तिला कोण काय म्हणतं हे आधी लिहून काढा. कोरिना हे झाडाचं नाव नाहीच. ते अमेरिकन बाजारात रूढ झालेलं व्यापारी नाव आहे. झाड पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतलं. काँगोकडे त्याला लिंबा म्हणतात, कोत दिव्वारमध्ये फ्राके, घानात ओफ्राम, नायजेरियात अफारा, कॅमेरूनमध्ये आकोम. शास्त्रीय नाव टर्मिनालिया सुपर्बा. एकच झाड, पण कागदपत्रांत सहा-सात नावांनी पसरलेलं. तुम्ही फक्त 'कोरिना' शोधत बसलात तर तुम्हाला गिटारींच्या जाहिराती सापडतील, आणि 'लिंबा' शोधलंत तर जंगलखात्याचे अहवाल. दोन्ही दप्तरं एकाच झाडाबद्दल बोलतायत हे त्या दप्तरांना माहीत नसतं. ते तुम्हाला माहीत असावं लागतं.

आता मराठी वाचकासाठी यात एक खड्डा आहे. 'लिंबा' ऐकल्यावर आपल्याला कडुलिंब आठवतो. काही संबंध नाही. तो निव्वळ ध्वनीचा योगायोग आहे. गंमत अशी की नातं आहे, पण दुसरीकडेच. टर्मिनालिया हे कुळनाम तुम्हाला आयुर्वेदाच्या पुस्तकात भेटलं असेल: हिरडा, बेहडा, अर्जुन आणि आपल्या सह्याद्रीतला ऐन हे सगळे टर्मिनालियाच. म्हणजे ज्या लाकडाच्या गिटारीसाठी आज लोक जीव टाकतात, ते आपल्या हिरड्याचं आफ्रिकेतलं सख्खं भावंड आहे. आणि कडुलिंबाचं नातं जुळतं ते महोगनीशी. कडुलिंब, महोगनी आणि मिरजेचे कारागीर तंबोरा-सतारीला वापरतात तो तून, हे तिघं एका कुलातले. एवढं कळल्यावर 'परदेशी', 'विदेशी', 'अनोखं' असले शब्द सिनॉप्सिसमध्ये लिहिताना हात आपोआप जरा थांबतो.

आणखी एक. बाजारात 'पांढरी कोरिना' आणि 'काळी कोरिना' अशी दोन लाकडं विकली जातात, भावही वेगवेगळे असतात. ती दोन झाडं नाहीत. एकाच जातीच्या झाडांत काहींचं आतलं लाकूड फिकट निघतं आणि काहींच्यात काळपट-तपकिरी पट्टे उतरतात, इतकंच. याउलट 'महोगनी' या एका शब्दाखाली मध्य-दक्षिण अमेरिकेतलं आणि आफ्रिकेतलं अशी निराळी झाडं खपतात. थोडक्यात, वखारीतली नावं ही वर्गीकरणासाठी नसतात, विक्रीसाठी असतात. ती चूक म्हणून खोडू नका, पुरावा म्हणून वापरा. नाव कोणी, कुठे, कधी बदललं याचा माग काढलात की व्यापाराचा रस्ता दिसायला लागतो.

आता गिटारीकडे येऊ. इलेक्ट्रिक गिटारीच्या सुरुवातीच्या इतिहासात लाकडाला फारसं कोणी पूजत नव्हतं. लेस पॉल या वादकाने १९४१च्या सुमारास न्यूयॉर्कमधल्या एपिफोनच्या कारखान्यात जे वाद्य जुळवलं, त्याचा गाभा म्हणजे पाइनचा चार बाय चार इंची ओंडका होता. त्याला लोक 'द लॉग' म्हणजे ओंडकाच म्हणत. ते गिटारीसारखं दिसावं म्हणून त्याने दोन्ही बाजूंना दुसऱ्या एका गिटारीचे कापलेले अर्धे भाग पंखांसारखे लावले. १९४९ मध्ये लिओ फेंडरने कॅलिफोर्नियात जो पहिला नमुना बनवला तोही पाइनचाच. पुढे फेंडरच्या गिटारी अॅशमध्ये आणि मग आल्डरमध्ये व्हायला लागल्या. ही सगळी तिथे सहज मिळणारी, मशीनवर नीट कापली जाणारी, रंग नीट धरणारी लाकडं. पोकळ गिटारीत लाकडाचा पत्राच हवेला हलवतो आणि आवाज तयार करतो. भरीव इलेक्ट्रिक गिटारीत ते काम पिकअपचं: पोलादी तार चुंबकीय क्षेत्रात थरथरते, गुंडाळीत वीजप्रवाह निर्माण होतो आणि तो अॅम्प्लिफायरकडे जातो. तेव्हा बनवणाऱ्याच्या दृष्टीने लाकूड म्हणजे तार ताणून धरणारी, मजबूत, फार जड नसलेली चौकट. बस.

मिशिगन राज्यातल्या कॅलामाझू गावातली गिब्सन कंपनी मात्र जुन्या वळणाची. १९०२ मध्ये स्थापन झालेली, मँडोलिन आणि पोकळ गिटारींसाठी प्रसिद्ध. तिने १९५२ मध्ये महोगनीवर मेपलचा थर दिलेली 'लेस पॉल' गिटार आणली. १९५० पासून कंपनीचा अध्यक्ष होता टेड मॅकार्टी. फेंडरच्या चटपटीत गिटारींपुढे गिब्सन म्हातारी दिसायला लागली होती, आणि मॅकार्टीने त्याला उत्तर म्हणून तीन अतिशय विचित्र आकार काढले. पहिला बाणाच्या मागच्या पिसांसारखा, इंग्रजी व्ही अक्षराचा: फ्लाइंग व्ही. दुसरा तिरका, विजेच्या ठिणगीसारखा, जो पुढे एक्स्प्लोरर म्हणून ओळखला गेला. तिसरा मॉडर्न. तिन्ही आकारांच्या पेटंटसाठी अर्ज २० जून १९५७ रोजी दाखल झाले आणि ७ जानेवारी १९५८ रोजी पेटंट मिळाली.

या गिटारींसाठी निवडलेलं लाकूड होतं कोरिना. का निवडलं?

इथे थांबा. 'का' या प्रश्नाला आज जी उत्तरं मिळतात त्यातलं सगळ्यात लोकप्रिय उत्तर म्हणजे 'आवाजासाठी'. कोरिनाचा आवाज महोगनीसारखा उबदार पण जास्त मोकळा, वगैरे. हे उत्तर तुम्हाला शंभर ठिकाणी मिळेल. पण ते १९५८च्या कागदांतून निघत नाही, कारण ते नंतर तयार झालेलं आहे. त्या काळाकडे तोंड करून उभं राहिलं तर काय दिसतं ते बघा. १९५०च्या दशकात अमेरिकन घरांत फिकट रंगाच्या फर्निचरची मोठी लाट होती. टेबलं, कपाटं, दारं, भिंतीची पॅनेलिंग, सगळं पिवळसर-फिकट. कोरिनाचा प्लायवुड आणि फर्निचरच्या बाजारात जो खप होता तो या फॅशनवर. महोगनीला फिकट दाखवायचं तर तिचा रंग उतरवावा लागतो; कोरिना मुळातच फिकट. कापायला, रंधा मारायला सोपी, वाळायला फार कटकट नाही. घनता साधारण ५५० किलो प्रति घनमीटर, म्हणजे महोगनीच्या आसपास किंवा जरा हलकीच.

आणि सगळ्यात बोलका पुरावा: हे लाकूड कारखान्यात आधीपासूनच येत होतं. १९५६च्या सुमारास गिब्सनने 'स्कायलार्क' नावाची एक लॅप स्टील, म्हणजे मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार, बाजारात आणली. ते काही मानाचं वाद्य नव्हतं. शिकाऊ वादकाला परवडेल असं साधं मॉडेल. ते कोरिनाचं होतं. म्हणजे दंतकथेतलं लाकूड दंतकथेआधी स्वस्तातल्या मॉडेलला लागत होतं! किंमतीही बघा. १९५८ मध्ये फ्लाइंग व्हीची छापील किंमत २४७.५० डॉलर होती, लेस पॉलच्या नेहमीच्या मॉडेलच्या बरोबरीची. लाकडासाठी कोणी वेगळा पैसा मागत नव्हतं.

मॅकार्टीने म्हातारपणी बऱ्याच मुलाखती दिल्या. त्या वाचाव्यात, मजेदार आहेत. पण तुम्ही मौखिक इतिहासाचा पेपर केला असेल तर तुम्हाला माहीतच आहे की चाळीस वर्षांनी दिलेली मुलाखत ही घटनेची जेवढी साक्ष असते तेवढीच त्या चाळीस वर्षांचीही असते. ज्या गिटारीला लोक आज डोक्यावर घेतात, तिच्याबद्दल तिचा जनक 'ते लाकूड तेव्हा हाताशी होतं' एवढंच कसं सांगेल? आणि विचारणाराही तेवढ्यावर कसा थांबेल? म्हणून मुलाखतीला किंमतपत्रकाशेजारी ठेवून वाचायचं. दोन्हींत फट दिसली की तिथे खणायचं.

बरं, ती गिटार बनायची कशी तेही थोडक्यात सांगते, कारण वस्तूचा इतिहास लिहिणाऱ्याने वस्तू कशी बनते हे न कळता लिहू नये असं माझं ठाम मत आहे. व्ही आकाराच्या भरीव कोरिनाच्या बॉडीत कोरिनाचीच मान सरसाने चिकटवलेली. मानेवर शिसवी लाकडाचा फिंगरबोर्ड, त्यावर २२ पडदे. दोन हमबकर पिकअप. तारा मागच्या बाजूने बॉडीतून आरपार ओवून पुढे काढलेल्या, आणि त्या जिथून बाहेर येतात तिथे व्ही आकाराची धातूची पट्टी. धातूचे भाग सोनेरी मुलाम्याचे. आणि बॉडीच्या एका कडेला रबराची पट्टी, कारण ही गिटार घेऊन बसलं की ती मांडीवरून घसरते. ही पट्टी मला फार आवडते. कारखान्यात कोणीतरी ती घेऊन खुर्चीवर बसलं असणार, ती घसरली असणार, आणि मग हा उपाय निघाला असणार. पेटंटच्या रेखाटनात तुम्हाला डिझायनरचं स्वप्न दिसतं. रबराच्या पट्टीत वापरणाऱ्याची मांडी दिसते.

कोरिनाची छिद्रं मोठी आणि उघडी असतात. पॉलिशआधी ती भरावी लागतात, नाहीतर पृष्ठभाग गुळगुळीत होत नाही. त्यावर नायट्रोसेल्युलोज लॅकरचे थर. हे लॅकर वर्षानुवर्षं पिवळं पडत जातं. जुन्या फ्लाइंग व्हीचा जो मधासारखा रंग फोटोंत दिसतो आणि ज्याला लोक 'कोरिनाचा रंग' म्हणतात, त्यात लाकडाचा वाटा आहे तसाच साठ-सत्तर वर्षं जुन्या लॅकरचाही आहे. १९५८ मध्ये दुकानात टांगलेली व्ही यापेक्षा फिकट होती. आपण कौतुक करतो ते बऱ्याच अंशी वयाचं.

खप कसा झाला? वाईट. अगदी वाईट. गिब्सनच्या माल पाठवल्याच्या नोंदींनुसार १९५८ मध्ये ८१ आणि १९५९ मध्ये १७ फ्लाइंग व्ही कारखान्यातून बाहेर पडल्या. एकूण ९८. एक्स्प्लोररच्या समजल्या जाणाऱ्या नोंदी आहेत १९ आणि ३, मिळून २२. पण त्या इतक्या त्रोटक आहेत की नेमका आकडा काय यावर अजून वाद चालतो. दुकानदारांना या गिटारी विकायच्या कशा तेच कळेना. उत्पादन थांबलं. काही बॉडी कारखान्यात तशाच पडून होत्या. त्या १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला, सोनेरीऐवजी साधे निकेलचे भाग लावून, जोडून विकल्या गेल्या.

आणि मॉडर्न? ही आपल्या गोष्टीतली सगळ्यात शिकवणारी गिटार आहे, कारण ती नाहीये. पेटंट आहे, रेखाटन आहे, पण १९५७-५८ मध्ये बनलेली एकही मॉडर्न आजवर निर्विवादपणे सिद्ध झालेली नाही. आपल्याकडे ती आहे असा दावा करणारे लोक झाले, त्यात नावाजलेले वादकही आहेत, पण तज्ज्ञांनी तपासून शिक्का मारलेली अशी एकही नाही. तुमच्या संशोधनात हे होणार आहे. एखाद्या योजनेचा ठराव सापडेल, नकाशा सापडेल, मंजुरीचा कागद सापडेल, आणि तुम्ही उत्साहात लिहून टाकाल की ती योजना झाली. कागदावर असणं आणि जगात असणं यामधलं अंतर मोजायला मॉडर्नइतकं चांगलं उदाहरण मला अजून मिळालेलं नाही. मजा म्हणजे १९७०च्या दशकाच्या मध्यावर जपानमध्ये आयबनेझ या ब्रँडने मॉडर्नची नक्कल बाजारात आणली. मूळ वस्तू कोणी पाहिलेली नाही, पण नक्कल दुकानात हजर! गिब्सनने स्वतः मॉडर्न बनवून विकली ती थेट १९८२ मध्ये.

मधल्या काळात काय घडलं ते महत्त्वाचं आहे. त्या ९८ गिटारींपैकी काही योग्य हातांत पडल्या. लॉनी मॅकने आपल्या फ्लाइंग व्हीवर १९६३ मध्ये 'मेम्फिस' ही वाद्यधून गाजवली. ब्लूजमधला थोर वादक अल्बर्ट किंग डावखुरा होता आणि उजव्या हाताची गिटार उलटी धरून वाजवायचा. बहुतेक गिटारी उलट्या धरल्या की वरच्या पडद्यांपर्यंत हात पोचत नाही. व्ही दोन्ही बाजूंनी सारखी असल्याने त्याला ती सोयीची. त्याने तिचं नाव ठेवलं होतं ल्युसी. १९६७ पर्यंत मागणी इतकी झाली की गिब्सनने फ्लाइंग व्ही पुन्हा सुरू केली, पण महोगनीत. एक्स्प्लोररही १९७०च्या दशकात परत आली, तीही महोगनीत. म्हणजे आकार परत आला आणि लाकूड मागे राहिलं. इथून पुढे कोरिना हा शब्द बदलला. १९५८ मध्ये तो फॅशनेबल फर्निचरचा शब्द होता. आता तो 'मूळची, पहिली, थोडीच उरलेली' या अर्थाचा झाला. जपानी नकलांमध्ये कोरिनासारखं दिसावं म्हणून सेन नावाचं तिकडचं लाकूड वापरलं गेलं, आणि त्या गिटारींनाही कोरिनाच समजणारे लोक पुढे बरेच झाले. गिब्सनने कोरिनातली फ्लाइंग व्ही पुन्हा काढली १९८१च्या सुमारास, आणि मॉडेलच्या नावात 'हेरिटेज' हा शब्द घातला. वारसा! न विकल्या गेलेल्या मालाचा, तेवीस वर्षांनी.

तर कारागिराचा आवाज खाली येतो तो यामुळे. कोरिना दुर्मीळ झाली ती जंगलात नाही, दुकानात. त्या गिटारी खपल्या असत्या, हजारोंनी बनल्या असत्या, तर आज कोरिना हे आल्डरसारखं एक साधं नाव असतं.

मग जंगलात काय होतं? लिंबा हे उंच, सरळसोट, ४५ मीटरपर्यंत जाणारं, बुंध्याशी फळ्यांसारखे आधार फुटलेलं झाड. ते प्रकाश मागतं. जुन्या शेतजमिनीवर, जंगल उघडं पडलेल्या जागी ते चटकन उगवतं आणि भराभर वाढतं. काँगो नदीच्या मुखाजवळच्या मायोम्बे जंगलात ते मुबलक होतं, आणि बेल्जियन वसाहतीच्या काळात तिथून त्याची मोठी तोड झाली. युरोपात त्याचं प्लायवुड, व्हिनियर, फर्निचर झालं. मायोम्बेतल्या लुकी इथे वसाहतीच्या वनसंशोधकांनी लिंबाच्या लागवडीचे प्रयोग केले, कारण त्यांना लिंबा हे भरवशाचं, लवकर तयार होणारं पीक वाटत होतं. लुकीतल्या लिंबाच्या खोडातल्या वाढीच्या कड्यांवर अगदी अलीकडेही संशोधन झालंय. उष्ण प्रदेशातल्या झाडांत वार्षिक कडी इतकी स्पष्ट मिळणं ही नेहमीची गोष्ट नाही, म्हणून हवामानाचा इतिहास शोधणाऱ्यांना हे झाड उपयोगी पडतं.

हे लाकूड तोडल्यावर ओंडका तसाच पडू दिला तर बुरशीने निळे डाग पडतात आणि किडे छिद्रं पाडतात. म्हणून ते लवकर बाहेर काढून चिरायला लागतं. म्हणजे कॅलामाझूत आलेली डागविरहित फिकट फळी हा रस्ता, रेल्वे, बंदर आणि मजूर यांच्या वेगाचाही पुरावा आहे. हे वेगवान तोडकाम कोणी केलं, किती मजुरीत, कोणाच्या हुकुमावर? बेल्जियन काँगोमधल्या श्रमाचा इतिहास ज्यांनी थोडासा वाचलाय त्यांना हा प्रश्न किती जड आहे ते कळेल. गिटारीवरच्या जाडजूड, रंगीत पुस्तकांत मात्र लाकडाचा इतिहास कारखान्याच्या दारापासून सुरू होतो. त्याच्या मागे नुसतं 'आफ्रिकन' लिहिलेलं असतं. एवढा मोठा खंड, एक विशेषण. तुमच्यापैकी कोणाला विषय हवा असेल तर तो इथे पडलाय. फ्रेंच शिकावी लागेल, एवढंच.

आवाजाचा मुद्दा राहिला, आणि तो टाळला तर तुम्ही मला कमेंटमध्ये धरणार. लाकडाने इलेक्ट्रिक गिटारीचा आवाज बदलतो का? पिकअपला लाकूड ऐकू येत नाही, पण तार लाकडाला बांधलेली असते, आणि तारेची ऊर्जा जिथे चौकटीत झिरपते तिथे स्वर लवकर विझतो. जर्मनीत १९९०च्या दशकात हेल्मुट फ्लायशर यांनी हे मोजलं: मानेच्या काही जागा विशिष्ट कंपनसंख्येला तारेची ऊर्जा खातात आणि तिथे 'मेलेले' स्वर तयार होतात. म्हणजे यांत्रिक परिणाम आहे. पण 'या जातीच्या लाकडाचा अमुक आवाज' हे विधान वेगळं आहे. एकाच ओंडक्यातल्या दोन फळ्याही सारख्या नसतात. पोकळ गिटारींवरचा एक प्रयोग तुम्ही जरूर वाचा. २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी फक्त पाठीचं आणि बाजूंचं लाकूड बदललेल्या सहा गिटारी ५२ वादकांना दिल्या, डोळ्यांवर वेल्डिंगचे चष्मे चढवून. त्यात आपली भारतीय शिसवीही होती, ब्राझीलची महागडी शिसवीही, महोगनीही. वादकांनी दिलेल्या गुणांत फारसा फरक निघाला नाही. आता हा प्रयोग पोकळ गिटारींचा आहे आणि तोही पाठीच्या लाकडाचा. तो उचलून थेट फ्लाइंग व्हीवर चिकटवू नका. पण ज्या वाद्यात लाकूड खरोखर थरथरून आवाज काढतं तिथे जर हे असेल, तर भरीव गिटारीबद्दल छातीठोक बोलणाऱ्याकडे मोजमाप मागायचा हक्क तुम्हाला आहे. इतिहासकार म्हणून माझा रस मात्र दुसरीकडे आहे: हा विश्वास खरा की खोटा यापेक्षा तो कधीपासून सुरू झाला? कोरिनापुरतं बोलायचं तर आवाजाची स्तुती ही टंचाईच्या मागून आली.

शेवटी कायद्याचे कागद, कारण संशोधनासाठी ते सोन्यासारखे असतात आणि बहुतेक विद्यार्थी ते कंटाळवाणे म्हणून सोडतात. २००९ आणि २०११ मध्ये अमेरिकन सरकारने गिब्सनच्या जागांवर छापे घातले. पहिल्या प्रकरणात मादागास्करचं एबनी होतं. दुसऱ्यात भारतातून गेलेले शिसवी आणि एबनीचे फिंगरबोर्डचे तुकडे. भारतीय मालाचा वाद कशावर होता तर मालाच्या वर्गीकरणाच्या क्रमांकावर: हा तुकडा 'चिरलेलं लाकूड' समजायचा, जे भारतातून बाहेर पाठवायला मनाई, की सहा मिलिमीटरच्या आतलं पातळ 'व्हिनियर', ज्याला परवानगी? २०१२ मध्ये तडजोड झाली, कंपनीने ३ लाख डॉलर दंड आणि ५० हजार डॉलर संवर्धनासाठी देणगी दिली, आणि भारतीय लाकूड परत मिळालं. तुकड्याच्या जाडीवरून दोन देशांच्या कायद्यांचा अर्थ लावला जातोय, हे वाचताना मला कुठल्याही रहस्यकथेपेक्षा जास्त मजा आली.

मग २ जानेवारी २०१७ पासून साइट्स करारात डालबर्जिया कुळातल्या सगळ्या जाती, म्हणजे शिसवीची जवळपास सारी भावंडं, परवान्याच्या यादीत आल्या. वादक दौऱ्यावर निघताना घाबरले, दुकानदार कातावले, आणि २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना सूट मिळाली. कच्च्या फळीला नाही.

लिंबा या यादीत नाही. त्यामुळे आज तुम्ही परदेशातल्या कारागिराला १९५८च्या धर्तीवर फ्लाइंग व्ही बनवायला सांगितलीत, तर तो कोरिनाच्या फळीचे जास्त पैसे लावेल, ती त्याला पुरवठादाराकडून विशेष कागदपत्रांशिवाय घरपोच मिळेल, आणि ती दुर्मीळ आहे असं तो तुम्हाला मनापासून सांगेल. त्याच गिटारीच्या फिंगरबोर्डसाठी कर्नाटक-केरळातून निघालेल्या शिसवीची पट्टी त्याला लागली, तर तिच्याबरोबर परवाना, शास्त्रीय नाव, मूळ देश आणि वजन लिहिलेला कागद यावा लागेल. बिलावर मात्र ती पट्टी 'साधा रोजवूड' म्हणूनच येईल.